‘गावकूस’ हे नाव मी ठेवलं होतं

अप्पा, परत मलाच बोलायला सांगितलंय. येत्या रविवारी शाळेच्या मोठ्या वर्गात तुमचं चित्र काचेच्या चौकटीत घालून टांगणार आहेत. खाली पितळी पट्टी, पट्टीवर ‘गावकूस’ हे नाव आणि माझ्या त्या लेखातली दोन वाक्यं. नव्या हेडमास्तरांना ते चित्र नकाशांच्या कपाटामागं सापडलं, तसे ते तडक माझ्याकडं आले. म्हणाले, “तुमच्याशिवाय यावर बोलणार कोण?” आणि मी हो म्हणालो. जित्याची खोड, दुसरं काय. तुम्हाला जाऊन पुरते पंधरा दिवस झाले नाहीत, आणि मी पुन्हा तुमच्या चित्राचा अर्थ सांगायला उभा राहणार.

हो म्हटल्यापासून मात्र लिहिणं होत नाही. सकाळी कागद घेऊन बसतो, ‘आदरणीय अप्पा’ एवढं लिहितो आणि टाक ठेवून देतो. आदरणीय बिदरणीय मी तुम्हाला जन्मात कधी म्हणालो नव्हतो. तुम्ही ड्रॉइंग मास्तर, मी इतिहास आणि मराठीचा. निजाम गेला, विलीनीकरण झालं, उर्दू पाट्या उतरल्या, त्या गडबडीत आपण दोघं एकाच आठवड्यात धाराशिवला रुजू झालो. तुम्ही माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. तरी तुम्ही मला अहोजाहो करायचात, ‘मास्तर’ म्हणायचात, आणि मी तुमच्याशी भांडायचो. भाषणात हे सांगता येत नाही, म्हणून आधी तुमच्याशीच बोलून घेतो.

पहिल्या वर्षी तुम्ही मला सुट्टीच्या दिवशी नळदुर्गला नेलं होतं, आठवतं? किल्ल्यातल्या धरणाच्या भिंतीवर आपण उभे होतो आणि मी सुरू झालो, कुठला सुलतान, कुठलं साल, कुणी कुणाला किल्ला दिला. तुम्ही थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणालात, “मास्तर, पाच मिनटं गप बसा. पाणी बघा निस्तं.” मी गप बसलो आणि चिडलो. पण पाणी दगडावरून घसरताना त्याच्या पट्ट्या कशा पडतात, काळी, मग पांढरी, मग परत काळी, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. मी नंतरही फार दिवस गप बसलो नाही, हा माझा दोष.

हैदराबादेत शिकून आलेली ती तुमची कला या गावात कुणाला ठाऊक नव्हती. तांब्याचं ताट, म्हणजे सपाट पत्रा, तुळजापूरच्या तांबटाकडून ठोकून आणायचात. त्यावर मेण आणि राळेचा थर द्यायचा, सुईनं थर खरवडून रेघा काढायच्या आणि ताट तेजाबात सोडायचं. तेजाब सोनारगल्लीतून यायचं. मेण निघालं असेल तिथं तेजाब तांबं खातं, मेण असेल तिथं खात नाही, एवढंच शास्त्र, असं तुम्ही मला सांगितलंत. मग खाल्लेल्या रेघांत शाई भरायची. दिव्याची काजळी आणि जवसाचं उकळलेलं तेल. छापायला यंत्र नव्हतं, तर तुम्ही उसाचा मोडका चरक आणून त्याचे लोखंडी लाट, म्हणजे रूळ, लाकडी चौकटीत आडवे बसवून घेतलेत. ताटावर ओला कागद, कागदावर धनगरी घोंगडीचा तुकडा, आणि चरकाच्या दांड्याला एका बाजूनं तुम्ही, दुसऱ्या बाजूनं मी. गावातले लोक विचारायचे, ड्रॉइंग मास्तरनं रसाचं दुकान काढलं का.

पहिला कागद उचलला तेव्हा मी म्हणालो, “हे काय आहे?” उजवीकडं काळ्या रेघांची दाट गर्दी, एकीवर एक चढलेल्या. मध्ये वरपासून खालपर्यंत कोरी पांढरी पट्टी. आणि डावीकडं, अगदी कोपऱ्यात, आठदहा बारीक खड्डे आणि ओरखडे. तुम्ही कागद उजेडाला धरून एवढंच म्हणालात, “बरं आलंय.” नाव विचारलं तर म्हणालात, “नाव कशाला? त्याला काय शाळेत घालायचंय व्हय?”

स्नेहसंमेलनात ते टांगलं तेव्हा लोक येत, बघत, हसत आणि पुढं जात. मला राग आला. तुमच्यासाठी आला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मी खडूनं एका पाटीवर ‘गावकूस’ लिहिलं, पाटी चित्राखाली टेकवली आणि स्टुलावर चढून बोलायला लागलो. ही दाट गर्दी म्हणजे गाव. ही पांढरी पट्टी म्हणजे गाव आणि महारवाडा यांच्यामधली जागा, जिथून पाण्याचा घडासुद्धा इकडून तिकडं जात नाही. आणि कोपऱ्यातले ते ओरखडे म्हणजे ज्यांना आपण कोपऱ्यात ठेवलं ती माणसं. हसणारे गप झाले. तुम्ही दाराशी उभे होता, तोंडात सुपारी, चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, तुम्हाला पटलं.

मग मी तो लेख लिहिला. मासिकानं छापला, पत्रं आली, मला सभांना बोलावणी यायला लागली. लेखात मी एक मोठी टूम काढली होती. आपल्याकडं महारवाडा गावाच्या पूर्वेला असतो, कारण वारा पश्चिमेकडून येतो आणि गावाला त्यांच्या अंगावरचा वारासुद्धा नको असतो. या चित्रकारानं वस्ती डावीकडं, म्हणजे पश्चिमेला काढली. त्यानं अख्खं गाव फिरवलं, आता वारा त्यांच्याकडून गावावर येणार. आणि हे नुसतं कुठल्यातरी गावाचं चित्र नव्हे, म्हणून मी तुमच्या गावाचं नाव लिहिलं. अणदूरच्या पलीकडचं तुमचं गाव, जिथं तुमचे थोरले भाऊ राहतात. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. वाटलं, विचारायचं काय, ते तर चित्रात आहेच.

लेख वाचून तुम्ही पोट धरून हसलात. तुम्हाला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. “अहो मास्तर, ताटावर ते उजवीकडंच हाय. छापताना उलटतंय ना. तुमी क्रांती क्रांती म्हणता ती चरकानं केलीया.” चार महिने तुमच्याबरोबर दांडा ओढला, पण छापा उलटा येतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग तुम्ही दुसरं सांगितलंत, आवाज खाली आणून. “आणि ते खड्डे म्या काढलेच न्हायत. कोपऱ्यात मेण नीट बसलं नव्हतं. निघालं. तेजाबानं आपोआप खाल्लं.”

मी हार मानणाऱ्यातला नव्हतो. म्हणालो, “पण तुम्हाला दिसल्यावर तुम्ही ते घासून काढलं नाही ना? ठेवलंत ना? मग महारवाड्याचं तरी वेगळं काय आहे? कुणालाही विचारा, म्हणेल मी केला नाही, आपोआप झाला. केला कुणी नाही, पण पुसत पण कुणी नाही.” तुम्ही हसायचे थांबलात. खिशातून चंची काढलीत, पान न लावताच परत ठेवलीत. म्हणालात, “हे मातुर बराबर बोललात.” तो वाद मी जिंकला असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो. मासिकाला चूक कळवतो म्हणालो होतो, ते कधी कळवलं नाही. तुम्हीही आठवण केली नाहीत.

मग एका सुट्टीच्या दिवशी रामा कांबळे आले. तुमच्या गावचे वेसकर, साठी उलटलेले, गावच्या वेशीची राखण करण्यात जन्म गेलेला. गावच्या मास्तरानं चावडीसमोर माझा लेख मोठ्यानं वाचला होता म्हणे, आणि ‘आपला वाडा चितरात काढलाय’ एवढं त्यांनी त्यातून घेतलं होतं. एसटीनं आले. शाळेच्या ओसरीखाली उभे राहिले, आत येईनात. तुम्ही त्यांचा हात धरून आत आणलंत. ते चित्रासमोर उभे राहिले, कितीतरी वेळ. मग तुमच्याकडं न बघता विचारलं, “ह्यात आमचं घर कंचं, अप्पा?”

मी तुमच्याकडं बघितलं. मला ठाऊक होतं, तुम्हाला ठाऊक होतं, तिथं घर नव्हतं. मेण निघालेली जागा होती. तुम्ही थोडंच थांबलात आणि कोपऱ्यातल्या एका खड्ड्यावर बोट ठेवलंत. “हे.” रामा कांबळे वाकले, जवळ जाऊन बघितलं, म्हणाले, “व्हय. आन् ह्यो पुढचा सटवाचा.” तुम्ही म्हणालात, “त्योच.” मग त्यांनी एकेक करून सगळे खड्डे घरांना वाटून टाकले. एक उरला, तर म्हणाले, “ही चिंच आसंल.”

जाताना त्यांनी पाणी मागितलं. शाळेचा माठ माझ्या जवळ होता. मी तांब्या भरला, त्यांनी सवयीनं ओंजळ धरली, आणि मी वरून धार सोडली. चांगली दीड हात वरून. मी, ज्यानं पाण्याच्या घड्यावर तो लेख लिहिला. मला ठरवावं लागलं नाही, हात आपला वर गेला. ते गेल्यावर तुम्ही माठावर झाकण ठेवलंत आणि म्हणालात, “पट्टी चित्रात दिसली मास्तर, हातात न्हाय दिसली.” तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरात वाढलोय, लहानपणापासूनची सवय, असं काहीतरी मी बोललो असेन. तुमच्याशी पुढं दोन दिवस बोललो नाही. आज सांगतो, तुमच्यावर रागावलो नव्हतो, तोंड दाखवायची लाज वाटत होती.

पुढचं ज्यांच्यामुळं घडलं त्यांची नावं घेण्यात अर्थ नाही. तुमच्या गावचे चारपाच कर्ते लोक शाळेत आले, लेखाचं कात्रण घेऊन. गावाची अब्रू गेली म्हणाले. शाळेच्या चालकांनी तुम्हाला आत बोलावलं, मलाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. अप्पांनी एक ओळ लिहून द्यावी की या चित्राचा त्या गावाशी आणि कुठल्याही वस्तीशी काहीएक संबंध नाही. सही करावी, प्रकरण मिटलं. मी मनात म्हणालो, सुटलो. कारण ते खरंच होतं. तुम्ही कुठलं गाव काढलं नव्हतं, ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, आणि दोघंही त्या खोलीत होतो.

तुम्ही टाक हातात घेतलात, कागद वाचलात आणि टाक खाली ठेवलात. “हे मला देता येत न्हाय.” चालक म्हणाले, “म्हणजे मास्तरांनी लिहिलंय ते बरोबर?” तुम्ही त्यालाही हो म्हणाला नाहीत. बाहेर आल्यावर मी तुमच्या मागं लागलो. सही करा, खरं तेच लिहायचंय, यात खोटं काय आहे. तुम्ही वैतागून उभे राहिलात. “त्या म्हाताऱ्याला म्या बोट ठिवून घर दाखवलंय. आता तिथं घर न्हाय म्हणून कागद लिहून देऊ? अन् त्यो कागद पुन्हा चावडीसमोर वाचणार, व्हय ना?” तेव्हाच मी आत जाऊन सांगायला हवं होतं की लेख माझा, अर्थ माझा, नावही माझं. शब्द तोंडात होते. पण त्याच महिन्यात मला कॉलेजात घेण्याचं चाललं होतं, आणि ते त्या लेखावर चाललं होतं. झालं, सांगून टाकलं. भाषणात हे येणार नाही.

सही न मिळाल्यावर चालकांनी तुमची बदली त्यांच्या सीमेवरच्या एकशिक्षकी शाळेवर केली. पोरं घरी कानडी बोलणारी, तुम्ही त्यांना मराठीतून पाढे शिकवायचे. चित्रकलेचा तास नाही. चरक गाडीत मावला नाही म्हणून इथंच राहिला. थोरल्या भावानं तुमच्याशी बोलणं टाकलं, गावच्या जत्रेला तुम्हाला बोलावणं येईना. मी एकदाच तिकडं आलो, सात वर्षांत एकदा, आणि आल्या आल्या काय विचारलं तर, “अप्पा, त्या चित्रात खरं काय होतं?” तुम्ही पोरांच्या पाट्या तपासत होता. मान वर न करता म्हणालात, “आता इचारून काय फायदा? उत्तर तुमी छापून मोकळे झालात.” रागानं म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. मग तुम्ही माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलात आणि माझ्या मुलांची चौकशी केलीत. मी विचारलं, नवीन काही केलंत का. तुम्ही म्हणालात, आता काही काढायला बसलं की आधी कानात मास्तर बोलायला लागतात, हे काय, ते काय. हसून म्हणालात. मीही हसलो. परतीच्या एसटीत मला ते वाक्य कळलं.

तुमच्या मातीला मी उशिरा पोचलो. तुमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं तुम्हाला बसवलं होतं, गळ्यात माळ, हातात लिंग. भाऊ आले होते. रामा कांबळे नव्हते, ते तुमच्या आधी दोन वर्षं गेले, हे मला तिथं कळलं. म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही सही केली नाहीत तो माणूस गेला होता, तुम्ही तरीही कुणाला काही बोलला नाहीत. मी हिशेब मांडला की आता सुटका झाली. रविवारी उभं राहायचं आणि सांगून टाकायचं. छापा उलटा येतो, मेण निघालं होतं, अप्पांनी गाव काढलंच नव्हतं, मी त्यांना माझ्या अर्थात कोंडलं. तुमचं चित्र तुम्हाला परत द्यायचं. मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं होतं, आता काय लपवायचं.

परवा तुमच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. त्या सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. रविवारी त्यांना न्यायला गाडी पाठवणार आहेत, ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “येणार की. तुमी बोलणार म्हणं. म्या यांना लई डाव इचारलं, त्या चितरात हाय तरी काय. म्हणायचे, मास्तरला इचार. आता तुमच्या तोंडून ऐकते.”

मी म्हणालो, “वहिनी, मला माहीत नाही.”

त्यांनी सूप खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. उलटा छापा, मेण, तेजाब, माझा लेख, माझी चूक, तुम्ही सही का केली नाहीत ते. मला वाटलं त्या रडतील, नाहीतर मला चालतं व्हा म्हणतील. दोन्हीची तयारी होती. त्यांनी शांतपणे विचारलं, “हे यांनी आणि कुणाला सांगितलं व्हतं?”

“कुणालाच नाही. फक्त मला.”

“मग तुमी बी सांगू नका.” मग म्हणाल्या, “मेण निघालं म्हणून व्हय मास्तर? मेण निघालं म्हणून आमी सात वरसं त्या गावात काढली? दीर बोलायचे बंद झाले, यांचं चितर काढायचं सुटलं, ते मेणापायी? न्हाय. तसं नका सांगू. रामाचं घर व्हतं म्हणून सांगा. लोकं ऐकतील, मी बी ऐकीन.”

त्यांनी परत सूप हातात घेतलं आणि जेवून जा म्हणाल्या. मी जेवलो.

तेव्हा अप्पा, रविवारी मी तेच बोलणार आहे. ही गर्दी म्हणजे गाव, ही पट्टी, हा कोपरा. अडखळणार नाही, इतक्या सभांत बोललोय की तोंडपाठ आहे. लोक डोळे पुसतील. पहिल्या रांगेत वहिनी असतील आणि मी त्यांच्याकडं बघून बोट ठेवीन. खरं तेवढं तुमच्यापाशी सांगून ठेवतो, कारण दुसरीकडं सांगायची सोय आता उरली नाही. मला तुमचं चित्र कळलं नव्हतं. काल हेडमास्तरांच्या खोलीत दार लावून तासभर त्याच्यासमोर गप बसलो, तरी कळलं नाही.